सोमवारवालीचा प्रश्न

डॉक्टरबाईंचे गुडघे हल्ली हॉस्पिटलच्या पायऱ्या दिसल्या की आधीच कुरकुरायला लागत. हे हॉस्पिटल कितवं, याचा हिशेब त्यांनी केव्हाच सोडून दिला होता. एकतीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. कुठल्यातरी देशात उतरायचं, बाळंतपणाच्या वॉर्डात शिरायचं, रजिस्टरं उघडायची, आणि किती आया वाचल्या, किती बाळं दगावली, जी दगावली ती कशाने, हे शोधून काढायचं. बाहेरून बघणाऱ्याला हे काम फार थोर वाटतं. आतून त्यातलं निम्मं आयुष्य बाकड्यावर बसून कुणीतरी साहेब येण्याची वाट बघण्यात जातं आणि उरलेलं कोमट चहा पिण्यात. त्या चार महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. मनाने कधीच झाल्या होत्या.

घरी नवरा होता आणि तिसाव्या वर्षात पोचलेली लेक होती. लेकीचा टोमणा ठरलेला असे, "आई, तू जगातल्या सगळ्या बाळांची आई. फक्त माझ्या वाट्याला बाबा आले." हे ती हसत म्हणायची आणि डॉक्टरबाईही हसायच्या. मग फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांना काही सुचत नसे.

हे शेवटचं काम तसं डाव्या हाताचा मळ होतं. त्यांच्या संस्थेने दीड वर्षापूर्वी या हॉस्पिटलातल्या सिस्टरांना, जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला फुगा आणि मास्क लावून श्वास कसा द्यायचा, हे शिकवलं होतं. त्याचा गुण आला होता. जन्मल्यानंतर पहिल्या दिवसात दगावणारी बाळं आधीच्या वर्षी एकसष्ट होती, यंदा बावीस. म्हणजे एकोणचाळीस जीव वाचले. आता डॉक्टरबाईंनी चार दिवस राहायचं, कागद तपासायचे, सही करायची. ती झाली की हेच शिक्षण आणखी नऊ हॉस्पिटलांत सुरू होणार होतं.

सोमवारी सकाळी वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर त्यांना सगळं दाखवत फिरत होत्या. मोठ्या सिस्टर म्हणजे पन्नाशीच्या, बुटक्या, आणि चालायच्या अशा की बरोबरच्याला धावावं लागे. शिकवणीत सगळ्यांत पहिला नंबर त्यांचा आला होता. दोघी दारापाशी आल्या तेव्हा बाकड्यावरची एक बाई उठून उभी राहिली. गळ्यात कापड मोजायची पट्टी तशीच राहिलेली. कामावरून उठून आलेली दिसत होती.

"आली बघा सोमवारवाली," आतून एक नर्स हळूच म्हणाली.

ती शिंपीण होती. पाच महिन्यांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण इथेच झालं होतं आणि मुलगी मेलेलीच जन्मली होती. तेव्हापासून दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी ती इथे यायची, एकच प्रश्न विचारायची आणि निघून जायची. आज तिने तो डॉक्टरबाईंना विचारला.

"तुम्ही बाहेरून आलेल्या मोठ्या डॉक्टर ना? मग तुम्ही तरी सांगा. माझं बाळ रडलं होतं ना?"

डॉक्टरबाईंनी मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. त्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होत्या, जसा काही तो आजच लावला होता.

"मी ऐकलंय हो," शिंपीण म्हणाली. "तीनदा ऐकलंय. घरी सगळे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. सासूबाई म्हणतात, नवरा म्हणतो. मशीनवर बसले तरी तेच कानात येतं, बाह्या उलट्या लागतात. रविवारी दीर मला माहेरी सोडून येणारेत. बरी झालीस की ये, म्हणाले. पण मी बरीच आहे. तुम्ही एकदा सांगितलंत तर ऐकतील ते."

डॉक्टरबाईंनी रजिस्टर मागवलं. तिचा नंबर काढला. पुढे 'मृतजन्म' या रकान्यात खूण होती, स्वच्छ, ठसठशीत. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे गेल्या एकतीस वर्षांत त्या कितीतरी बायकांना म्हणत आल्या होत्या. "इतक्या वेदनांत, ग्लानीत असे भास होतात. यात तुमचं काही चुकलेलं नाही."

गळ्यातली पट्टी काढून तिने बोटाला गुंडाळली, "बरं" म्हणाली आणि गेली. डॉक्टरबाईंना वाटलं, आपण चांगलं समजावलं. चहा मागवला.

मंगळवार कागदांत गेला. बुधवारी अहवालाच्या शेवटच्या तक्त्यासाठी ऑक्सिजन किती वापरला तो आकडा हवा होता, म्हणून त्या मागच्या अंगाला सिलिंडरच्या खोलीत गेल्या. तिथले काका म्हणजे नमुना होते. सिलिंडर चोरीला जातात म्हणून त्यांनी स्वतःची जाडजूड वही केली होती आणि वॉर्डात नळी जोडली की कुणाला, किती वाजता आणि किती वाजेपर्यंत, हे लिहिल्याशिवाय ते कुणाला हलू देत नसत. खुद्द सर्जनसुद्धा त्यांना वचकून असे.

"सगळं आहे बघा यात," काका म्हणाले. "एक मिनिट इकडचं तिकडे नाही."

डॉक्टरबाई कंटाळून पानं उलटत होत्या. एका पानावर नंबर ओळखीचा वाटला. दोन दिवसांपूर्वी पाहिलेला नंबर. त्यापुढे काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, बाळ, सकाळी नऊ दहा ते नऊ पन्नास.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. मेलेल्या बाळाला कुणी चाळीस मिनिटं ऑक्सिजन लावत नाही.

"काका, ही वही मला आज लागेल."

"इथे बसून बघा. वही बाहेर जात नाही."

मग त्या तिथेच, रिकाम्या सिलिंडरांच्या मधे एका स्टुलावर बसल्या आणि वॉर्डाचं रजिस्टर मागवून नंबराला नंबर लावत गेल्या. दुपारचं जेवण राहिलं. तीन वाजता बेरीज समोर आली. मृतजन्म आधीच्या वर्षी एक्केचाळीस होते, यंदा चौसष्ट. तेवीसने वाढलेले. आणि काकांच्या वहीत 'मेलेल्या' बाळांना ऑक्सिजन लावल्याच्या नोंदी होत्या बरोबर तेवीस. कुणी बारा मिनिटं, कुणी दीड तास. एक तर संध्याकाळपर्यंत.

म्हणजे वाचलेली बाळं एकोणचाळीस नव्हती, सोळा होती. सोळासुद्धा काही थोडी नाहीत. सोळा वाचली तरी पेढे वाटावेत, अशी हॉस्पिटलं त्यांनी पाहिली होती. पण उरलेली तेवीस जगली होती, श्वास घेतला होता, आणि कागदावर जन्मलीच नव्हती.

मोठ्या सिस्टरांची खोली म्हणजे कपाटामागचा कोपरा. डॉक्टरबाई आत शिरल्या आणि खुर्चीत बसूनच म्हणाल्या, "मी सिलिंडरची वही पाहिली."

मोठ्या सिस्टरांनी हातातला कापूस ठेवला. नाही म्हणाल्या नाहीत, रडल्या नाहीत, काखाही वर केल्या नाहीत. पायातल्या चपला काढून त्यांनी सुजलेले पाय समोरच्या खोक्यावर ठेवले.

"तुम्हाला रागवायचा हक्क आहे, मॅडम. पण आधी ऐका. शिकून आल्यावर मी पहिले तीन महिने सगळं खरं लिहिलं. बाळ एक मिनिट जगलं तरी लिहिलं. सहा गेली. सहा वेळा बाळ गेल्यावर भरायचा तो फॉर्म भरला."

"चौदा पानी?"

"तोच. चौदा पानं आणि मग समिती. चार जण, तीन दिवस. ज्या सिस्टरच्या हातून बाळ गेलं तिने तीन दिवस वॉर्ड सोडून त्यांच्यासमोर बसायचं. आम्ही इथे दोघी. मी आत बसले की बाहेर एकटी. मला विचारतात, श्वास द्यायला कितव्या सेकंदाला सुरुवात केली? म्हटलं, दोन्ही हात बाळावर होते, घड्याळ बघायला तिसरा आणू कुठून? त्यांनी लिहिलं, निष्काळजीपणा. आणि मी आत उत्तरं देत होते तेव्हा बाहेर माझ्या जोडीदारणीच्या हातून आणखी एक गेलं. एकटी काय काय करणार? मग त्याची चौदा पानं. ती पोरगी नोकरी सोडून गेली."

"मग?"

"मग एक दिवस मी पलीकडच्या रकान्यात खूण केली. मृतजन्म. त्याला फॉर्म नाही, समिती नाही. एक खूण केली की झालं. पहिल्यांदा पेन दोनदा खाली ठेवलं. दुसऱ्यांदा नाही ठेवलं. खरं सांगा मॅडम, ती चौदा पानं कुणी वाचतं का हो?"

डॉक्टरबाईंना उत्तर पाठ होतं. तो फॉर्म त्यांचा होता. पस्तिशीत, डोक्यात वारं भरलेलं असताना त्यांनीच तो तयार केला होता. एकही बाळ विचारपूस न होता जाऊ नये, म्हणून. पोटच्या पोरासारखं त्याचं कौतुक केलं होतं. दर दोन वर्षांनी त्यात दोन-दोन प्रश्न वाढवत नेले होते. आणि मुख्य कार्यालयाच्या तळघरात त्या फॉर्मची खोकी छतापर्यंत रचलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. चौदा पानांतली चार उत्तरं संगणकात जात. बाकीचे कागदी घोडे. शिवाय ज्यांनी बाळ वाचवायला जिवाचं रान केलं त्यांनाच शिक्षा, आणि ज्यांनी हातही लावला नाही त्यांना एक खूण करून सुटका. हे इतकं उघड होतं, आणि एवढ्या वर्षांत ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. राग मात्र येईना. रागवायलाही अंगात काहीतरी लागतं.

"आणि ती शिंपीण?" त्यांनी विचारलं. "दर सोमवारी समोर येते. कसं बघवत होतं तुम्हाला?"

"नव्हतं बघवत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "रविवारी झोप लागत नाही मला. पण तिला एकीला खरं सांगितलं तर सगळंच बाहेर येणार. आणि मॅडम, सोमवारी तुम्हीही तिला तेच सांगितलंत, ग्लानीत होतीस म्हणून."



संध्याकाळी डॉक्टरबाईंनी मुख्य कार्यालयात फोन लावला. तिथला साहेब वयाने त्यांच्या लेकीएवढा होता आणि मनाने वाईट नव्हता.

"मॅडम, आकडे छानच आहेत की. सही करून टाका ना."

"सोळा आहेत."

"काय सोळा?"

"वाचलेली बाळं. एकोणचाळीस नाही, सोळा. तेवीस जन्मून गेली, ती मृतजन्मात घातली आहेत." मग त्यांनी फॉर्मचं आणि समितीचं सगळं सांगितलं.

"हा तसा व्याख्येचा प्रश्न आहे," साहेब शेवटी म्हणाला. "आपण तळटीप टाकू."

"तेवीस बाळं तळटिपेत मावायची नाहीत. पहिल्या पानावर जातील. फॉर्म मी केला होता आणि त्यामुळे हे झालं, हेही तिथेच जाईल. पुढच्या नऊ हॉस्पिटलांत शिक्षण द्या, पण तो फॉर्म देऊ नका. एक पान करा. आणि त्या समितीला सुट्टी द्या."

"मॅडम, चार महिने राहिलेत तुमचे. आता हे कशाला अंगावर ओढून घेता?"

हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारून पाहिला. उत्तर काही फारसं शोभिवंत नव्हतं. खोटं निभावून न्यायला ताकद लागते, आणि त्यांच्याकडे आता ती उरली नव्हती. अहवाल त्यांनी रात्रीच्या जेवणाआधी पाठवून दिला.

शिंपिणीला नि तिच्या नवऱ्याला उद्या सकाळी यायचा निरोप धाडला आणि मोठ्या सिस्टरांना त्यांनी स्पष्ट सांगितलं. "माझं नाव पहिल्या पानावर आहे. तुमचं कुठेच नाही. पण चौकशीला येतील, आणि तेव्हा मी इथे नसेन. नोकरी राहील असं मी कबूल करू शकत नाही."

"माहितीये," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आणि बाकीच्या बावीस आया?"

"त्यांच्याही घरी जावं लागेल."

"त्यांनी कुणी विचारलंसुद्धा नाही, मॅडम."

"हो, म्हणूनच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी शिंपीण आली. बरोबर नवरा होता. तो घरं रंगवायचा, नखांच्या कडांना पांढरा रंग बसलेला. त्याला कामाचा दिवस मोडावा लागला होता आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. बायकोला दंडाला धरून त्याने आत आणलं, दुखणाईताला आणतात तसं. दार लागणारी एकच खोली होती, लसींच्या फ्रीजची. तिथे चार खुर्च्या मांडल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी रात्रभर वाक्यं जुळवली होती. "सोमवारी मी तुम्हाला जे सांगितलं," त्यांनी सुरुवात केली, "ते चुकीचं होतं..."

"मॅडम, तुम्ही नका सांगू," मोठ्या सिस्टर मधेच म्हणाल्या. "तुम्ही नव्हता तिथे. मी होते."

त्यांनी खुर्ची ओढून शिंपिणीच्या अगदी समोर घेतली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

"तुझी मुलगी रडली होती. तुला भास झाला नव्हता. बाहेर आली तेव्हा श्वास नव्हता तिला. मी मास्क लावला, तेव्हा रडली. तीनदा रडली. चाळीस मिनिटं जगली. मग गेली. कागदावर मी खोटं लिहिलं आणि पाच महिने तुझ्या तोंडावर खोटं बोलले. तू वेडी नाहीस. कधीच नव्हतीस."

डॉक्टरबाई तयारीत होत्या. आता ती किंचाळेल, सिस्टरच्या अंगावर धावून जाईल, निदान रडेल तरी. तक्रार कुठे करायची तेही त्यांनी एका कागदावर लिहून आणलं होतं. रंगाऱ्याचा हात बायकोच्या दंडावरून कधी सुटला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"पडदा होता मधे," शिंपीण म्हणाली. "निळा."

"हो."

"म्हणजे मी इथे आणि ती तिथे. चार पावलांवर. चाळीस मिनिटं." ती अंतर मोजत असल्यासारखी जमिनीकडे बघत होती. मग तिने मान वर केली. "मग माझ्या हातात का नाही दिलीत?"

समितीच्या एवढ्या प्रश्नांना मोठ्या सिस्टरांनी उत्तरं दिली होती, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"वाटलं, वाचेल," त्या म्हणाल्या. "वाचली की देणारच होते."

आणि आता मोठ्या सिस्टर रडायला लागल्या. मोठ्याने, तोंडावर हातसुद्धा न घेता. रंगाऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरबाई जागच्या हलल्या नाहीत. एकतीस वर्षांत त्यांनी बाळ कधी गेलं, कशाने गेलं, कुणाच्या हातून गेलं, हे हजारदा विचारलं होतं. ते आईच्या हातात दिलं होतं का, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

शिंपीण मात्र रडत नव्हती. सिस्टरांचं रडणं ओसरेपर्यंत ती थांबली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी मी कुठे जाणार नाही. तुझ्या भावाला सांग. सासूबाईंना पण तूच सांगायचं."

"सांगतो," तो भिंतीकडे बघतच म्हणाला.

"आता मला सगळं सांगा," ती मोठ्या सिस्टरांना म्हणाली. "पहिल्यापासून. मला घाई नाही."

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. डॉक्टरबाई उठल्या, दार किलकिलं करून म्हणाल्या, "वॉर्डात मी येते. सिस्टर आत्ता येणार नाहीत." पण त्यांचा पाय लगेच निघेना.

"नऊ दहाला आली," मोठ्या सिस्टर नाक पुसत म्हणाल्या. "केस भरपूर होते. निळी पडली होती. पाठ चोळली, पायांना टिचक्या मारल्या, काही नाही. मग मास्क लावला. पाच-सहा मिनिटांनी पहिल्यांदा रडली."

"मांजरासारखं."

"हो, तसंच. मग लगेच परत."

"लगेच नाही," शिंपीण म्हणाली. "मधे पाण्याचा आवाज आला होता."

मोठ्या सिस्टर आठवायला लागल्या. "बरोबर. मास्क हातातून निसटत होता म्हणून हात धुतले. मग रडली दुसऱ्यांदा."

"मग काहीतरी पडलं."

"डबा. माझ्या कोपराने पडला. आणि तिसऱ्यांदा रडली ती मी तिच्याशी बोलत होते तेव्हा. माझं बोलणं ऐकलंस का?"

"नाही," शिंपीण पुढे सरकली. "काय बोलत होता?"